बाबांचा हिरवा ठिपका

ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर मी नेटवर्किंग शिकवतो. गेली एकोणीस वर्षं. समोर बसलेली मुलं बारावी झालेली, डिप्लोमा अर्धवट सोडलेली, कुठल्यातरी ऑफिसात सपोर्टला लागायचं म्हणून आलेली असतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन चौकोन काढतो, मध्ये एक रेघ मारतो आणि म्हणतो, हे नेटवर्क. ती हसतात. मग मी चिडतो. मी लवकर चिडतो हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझ्या चिडण्याचा मोठा वाटा आहे.

बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. लोक भेटले की म्हणतात, वय झालेलं, सुटले बिचारे. सुटले काय, डोंबल! अजून पाच-सात वर्षं आरामात काढली असती त्यांनी. मला माहितीये.

पहिल्या आठवड्यात शिकवायचं तसं थोडंच असतं. प्रत्येक मशीनला पत्ता लागतो. पत्ताच नसेल तर निरोप जाणार कुठे? घरातल्या वाय-फायवरचे पत्ते त्या घरापुरतेच असतात. म्हणजे बघा, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एकशे एक नंबरचा फ्लॅट असतो, पण ह्या एकशे एकचा त्या एकशे एकशी काडीचा संबंध नसतो. बाहेरून आलेला निरोप आतल्या नेमक्या कुठल्या दारात द्यायचा ते राउटर बघतो. निरोप अख्खा जात नाही, त्याचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणायचं. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तेवढाच परत पाठवायचा. एवढं डोक्यात शिरलं की पुढचं फार अवघड नाही.

मग येतो पिंग. हा शिकवायला मला फार आवडायचा. एका मशीनने दुसऱ्याला विचारायचं, "आहेस का?" दुसऱ्याने म्हणायचं, "आहे." बस्स. उत्तर किती वेळात आलं ते स्क्रीनवर दिसतं. कुठलीही तक्रार आली की सपोर्टवाला आधी पिंग करतो. आणि दर बॅचला एकजण तरी विचारतोच, "सर, रिप्लाय आला म्हणजे सगळं ओके ना?" मी खडू आपटतो. "अरे, नाही! रिप्लाय आला म्हणजे मशीनला वीज आहे आणि वाट मोकळी आहे, एवढंच. आत कामाचा प्रोग्रॅम मरून पडलेला असला तरी मशीन 'आहे, आहे' करत राहतं." हे मी इतक्या बॅचना सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

आता बाबांचं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. कल्याणला जन्म काढला त्यांनी, आधी चाळीत, मग चाळ पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशीच मी त्यांना म्हटलेलं, चला ठाण्याला. बायकोनेही म्हटलेलं, अगदी मनापासून. बाबा म्हणाले, "इथल्या पंपाची चावी माझ्याकडे आहे. मी आलो तर ह्यांना पाणी कोण सोडणार?"

हे खरं होतं. बिल्डिंगच्या टाकीत पाणी चढवायचा पंप रोज सकाळी सहाला बाबा चालू करायचे. कुणी नेमलेलं नाही, कुणी पगार दिलेला नाही. रिटायर झाल्यावर हौसेने अंगावर घेतलेलं काम. पण त्या चावीसाठी स्वतःचा मुलगा सोडून एकटं राहायचं, ह्याचा मला तेव्हा राग आलेला. सत्त्याहत्तरी गाठलेला माणूस, ब्लडप्रेशरची गोळी कधी घेतो, कधी विसरतो. एकटा घरात पडला तर आम्हाला कळणार कसं? त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हाच एक भुंगा होता. एकटे पडले तर कळणार कसं.

सुरुवातीला मी रोज सकाळी आठला फोन करायचो. बाबांशी फोनवर बोलणं म्हणजे एक प्रकरणच असायचं. तळमजल्यावरच्याने रिक्षा कुठे लावली, समोरच्या काकूंच्या सुनेला कितवा महिना लागला, पाण्याचा दाब कसा कमी झालाय. माझी नऊची बॅच. मी "हं, हं" करत बूट घालायचो. आणि कधी त्यांनी फोन उचलला नाही की संपलंच. मी पुन्हा लावायचो, पुन्हा लावायचो, आणि उचलला की ओरडायचो. "कुठे होतात? जीव टांगणीला लागतो इथे! फोन कशाला दिलाय तुम्हाला, पूजा करायला?" ते हळूच म्हणायचे, "अरे, पंपाच्या आवाजात ऐकू नाही आलं रे. रागावू नकोस." दर वेळी हेच. रागावू नकोस.

एका रविवारी मी त्यांच्याकडे इंटरनेट बसवून दिलं. राउटर टीव्हीच्या वर भिंतीला ठोकला, त्यांच्या फोनला कायमचा एक पत्ता ठरवून दिला, आणि त्यांच्या राउटरपासून माझ्या क्लासच्या कॉम्प्युटरपर्यंत एक खासगी वाट काढली, म्हणजे इथे खोपटला बसून मी त्यांच्या घरातल्या वस्तूंशी बोलू शकेन. मग एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दर पाच मिनिटांनी माझं मशीन बाबांच्या फोनला पिंग करणार. उत्तर आलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. नाही आलं तर राखाडी.

काय सांगू, मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं! मुलांना दाखवलं. म्हटलं, हे बघा, कल्याणला माझ्या वडिलांचा फोन, आणि हा रिप्लाय. एक मुलगी म्हणाली, "सर, किती क्यूट! बाबा ऑनलाइन आहेत." पुढे तो दर बॅचचा नेम झाला. कुणीतरी विचारायचं, "सर, बाबा आहेत?" आणि मी मान वर न करता म्हणायचो, "आहेत, आहेत."

सकाळचा फोन आधी एक दिवसाआड झाला. मग रविवारवर आला. ठरवून नाही केलं मी. ठिपका हिरवा दिसायचा, मग वाटायचं, आहेत की बरे, करू उद्या.

फक्त एक अडचण होती. फोन कुणी हातात घेतला नाही की थोड्या वेळाने झोपतो, बॅटरी वाचवायला वाय-फायही झोपवतो, आणि पिंगला उत्तर देत नाही. दिवसातून चार वेळा ठिपका राखाडी व्हायचा. मी फोन करायचो, ते उचलायचे, सगळं ठीक असायचं, आणि मी उगाचच त्यांच्यावर खेकसायचो. चार्जरला लावलेला फोन मात्र झोपत नाही, हे मला माहीत होतं. माझा धंदाच तो.

बाबांचा फोन कायम सदऱ्याच्या खिशात असायचा. आईने जुन्या ब्लाउजपीसची शिवलेली थैली, त्यात फोन, आणि थैलीची नाडी गळ्यात. आंघोळीला जातानासुद्धा ती थैली ते बाथरूमच्या दाराच्या कडीला अडकवायचे. मी त्यांना सांगितलं, "बाबा, आता ही थैली नको. फोन ओट्याजवळच्या प्लगला लावून ठेवायचा. दिवसरात्र. कुणाचा आला तर तिथे जाऊन उचला."

"आणि मी पडलो-बिडलो तर?"

"मला दिसतं ना इथे!"

"कुठे दिसतं?"

मग मी त्यांना सगळं समजावलं. माझं मशीन विचारतं आहेस का, तुमचा फोन म्हणतो आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. लाइनमन माणूस, त्यांना न समजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. म्हणाले, "आम्ही खांबावर चढून लाइन जोडली ना, की घरात रिंग द्यायचो. रिंग गेली म्हणून तक्रार बंद नव्हतो करत. घरातलं माणूस फोनवर येऊन 'हां, बोला' म्हणेपर्यंत खांबावरून उतरायचं नाही, असा माझा नियम होता. साहेब हसायचे मला. अरे, रिंग काय, रिकाम्या घरातही वाजते."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाबा, तुमचा तो काळ्या डब्यांचा जमाना गेला आता. जरा ऐकत जा माझं."

ऐकलं त्यांनी. त्या दिवसापासून फोन ओट्याजवळ चार्जरला. थैली धुऊन, घडी करून कपाटात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना, तो पाषाण मी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना जे ओरडून सांगितलं, ते स्वतःच्या बापाच्या बाबतीत मला आठवलं नाही. ठिपका हिरवा राहावा म्हणून मी त्यांच्या खिशातला फोन काढून घेतला. ह्याहून सरळ शब्दांत मला हे सांगता येत नाही.

त्या गुरुवारी साडेदहाच्या सुमारास त्यांच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा फोन आला. मी फळ्यावर राउटर काढत होतो. म्हणाले, "तुमचे बाबा ठाण्याला आलेत का?"

"नाही. का?"

"काल पंप चालू झाला नाही. मला वाटलं तुमच्याकडे गेले असतील. दुसरी चावी होती माझ्याकडे, मी पाणी सोडलं. आज पण नाही झाला. आता दार वाजवतोय तर उघडत नाहीत. फोन आत वाजतोय, ऐकू येतोय. दार तोडू का?"

मी मागे वळून स्क्रीनकडे बघितलं. ठिपका हिरवा. मागच्या पाच मिनिटांचं उत्तर आलेलं, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांचं आलेलं, काल दिवसभराचं, रात्रीचं, सगळं सलग आलेलं. एकसुद्धा चुकलेलं नव्हतं. इतकी स्वच्छ ओळ मी कधी पाहिली नव्हती. आणि मला, खरं सांगतो, सेक्रेटरीचा राग आला. काय लोक आहेत! पाणी नाही आलं म्हणून लगेच म्हाताऱ्याचं दार तोडायला निघाले.

"झोपले असतील हो," मी म्हणालो. "कमी ऐकू येतं त्यांना. दार-बिर तोडू नका. माझ्याकडे चावी आहे, मी येतो."

मोटरसायकल काढली. कळव्यावरून, मुंब्र्यावरून निघालो आणि शीळफाट्याला अडकलो. एक कंटेनर आडवा झालेला, पुढेही वाहनं, मागेही वाहनं. पाऊण तास एका जागी. उन्हात हेल्मेट काढून मी फोनवर पुन्हा ठिपका बघितला. फोनवरही दिसायची सोय केलेली मी, हौसेने. हिरवा होता. मी शेजारच्या रिक्षावाल्याशी गप्पा मारल्या, त्याच्याकडून पाणी घेऊन प्यायलो. तो पाऊण तास मला अजून गिळता येत नाही.

घराचं दार उघडलं तेव्हा साडेबारा वाजून गेलेले. सेक्रेटरी, समोरच्या काकू, आणखी दोघं जिन्यात उभे. घरात शिरल्याबरोबर वास आला आणि मला कळलं. बाबा बाथरूमच्या उंबऱ्यावर पडलेले, अर्धे आत, अर्धे बाहेर. डावी बाजू गेलेली. डोळे उघडे. एका हाताने फरशीवर पुढे सरकायचा प्रयत्न केलेला दिसत होता, पण जेमतेम वीतभर सरकलेले. आदल्या दिवशी सहा वाजता पंपाला जायच्या आधी पडले असणार. म्हणजे तीस तासांच्या वर. तिथून ओटा सहा-सात पावलांवर. बाथरूमच्या कडीला ती लांब नाडीची थैली लोंबत असती तर त्यांचा चालता हात तिथे पोचला असता. मी नंतर जमिनीवर आडवा होऊन बघितलंय, पोचतो.

काकू रडायला लागल्या, "आम्हाला वाटलं तुमच्याकडे गेलेत हो, आम्हाला वाटलं तुमच्याकडे." मी त्यांना काय सांगणार होतो? पाणी आलं नाही म्हणून निदान त्यांना शंका तरी आली. मला तीही आली नाही.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. मग कुणीतरी म्हणालं, कागदपत्रं घ्या, फोन घ्या. ओट्याजवळ फोन होता. चार्जरला. शंभर टक्के भरलेला. स्क्रीनवर मिस्ड कॉल होते, नऊ. मी तिथेच उभा राहून ते बघितले. सेक्रेटरीचे पाच. समोरच्या काकूंचे दोन. एक दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाचातरी. एक कुठल्यातरी विमा विकणाऱ्याचा, अनोळखी नंबर. माझ्या मशीनने त्या तीस तासांत त्या फोनला तीनशेहून जास्त वेळा विचारलेलं, आहेस का. त्याची नोंद कुठेच नव्हती. ती नसतेच. नऊ कॉलमध्ये माझा एकही नव्हता.

त्यांना ठाण्याला आणलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात, ते गेले. आता जेवढं होईल तेवढं. मी विचारलं, दोन तास आधी आणलं असतं तर? ते चष्मा पुसत म्हणाले, तसं नका बघू. म्हणजे काय ते मला कळलं. त्या दिवशी संध्याकाळी बायको डबा घेऊन आली, आणि मी तिच्यावरही ओरडलो, डब्यात भात का आणलास म्हणून. ती बाजूला बसून राहिली.

बाबा अकरा दिवस होते. पहिले आठ दिवस नुसते बघायचे. वाचा गेलेलीच होती. मी तिथे बसून बोलत राहायचो, त्यांना आवडायचं ते सगळं. तळमजल्यावरच्याने रिक्षा कुठे लावली. काकूंच्या सुनेला मुलगी झाली. हे मी मुद्दाम सेक्रेटरीला फोन करून विचारून घ्यायचो. आयुष्यात पहिल्यांदा कल्याणच्या त्या बिल्डिंगच्या बातम्या मी गोळा करत होतो. बाबांचा उजवा हात माझ्या हातात असायचा, कधी कधी ते दाबायचे.

नवव्या दिवशी दुपारी त्यांच्या तोंडून शब्द आले. जड, अर्धे-अर्धे, कान तोंडाशी न्यावा लागत होता. नर्स म्हणाली, बोलू द्या, चांगलं आहे.

"फोन," ते म्हणाले.

मला वाटलं फोन मागतायत. मी खिशातून काढला. त्यांनी मान हलवली, नको.

"वाजत होता."

मी फोन परत खिशात ठेवला.

"खूप वेळा," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. "सकाळी. मग परत. मी ऐकत होतो. म्हटलं... पोरगा आहे."

मी वर पंख्याकडे बघितलं. समोरच्या खाटेवरच्या बाईंकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्याचा जो भाग हलत होता तो हसू बघत होता. तीस तास त्या ओल्या फरशीवर ते पडून होते, फोन वाजला की त्यांना वाटायचं मी लावतोय. आठवण काढतोय. जीव टांगणीला लागलाय माझा.

"तूच ना?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात मी त्यांच्याशी पुष्कळ वेळा खोटं बोललोय. मार्कांबद्दल, सिगरेटबद्दल. ते सगळं खोटं पचलेलं. हे पचायचं नाही, हे मला बोलता बोलताच कळत होतं.

"हो बाबा," मी म्हणालो. "मीच लावत होतो."

त्यांनी माझा हात दाबला. मग डोळे मिटले, आणि मला वाटलं झोपले. पण ओठ हलत होते. मी कान खाली नेला.

"उचलता नाही आला रे," बाबा म्हणाले. "रागावू नकोस."